बीव्हीडी (बोव्हाइन व्हायरल डायरिया, गुरांचा एक विषाणूजन्य रोग) गोठ्यातून कायमची घालवता येते का? अनुभव हवे आहेत

गव्हाण
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

माझ्याकडे लहानमोठी मिळून ४२ जनावरं आहेत. गेलं वर्षभर गोठ्याचं काही धड नाही. पाच गाई सारख्या उलटताहेत, म्हणजे भरवल्या तरी गाभ टिकत नाही. तीन गाई चौथ्या-पाचव्या महिन्यात गाभडल्या. एक वासरू जन्मतःच आंधळं निघालं, उभं केलं की डोकं थरथरायचं आणि पाय फाकवून पडायचं. बाकीच्या वासरांना खोकला आणि हगवण, एक बरं झालं की दुसरं आजारी. आधी चाऱ्यावर संशय घेतला, मग खनिज मिश्रण बदललं, मग सांसर्गिक गर्भपाताची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. शेवटी डॉक्टर म्हणाले, सगळ्यांचं रक्त बीव्हीडीसाठी पाठवू.

४२ पैकी एकच पॉझिटिव्ह. चौदा महिन्यांची कालवड, चांदणी. तीन आठवड्यांनी परत रक्त घेतलं, परत पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणतात ही 'पीआय' आहे, जन्मभर विषाणू सोडत राहणार. गोठ्यात ठेवू नका आणि कुणाला विकूही नका.

माझं मन मानत नाही. वयाच्या मानानं ती जरा बुटकी आहे, पण चारा सोडत नाही, अंगावर तकाकी आहे, आजवर एकदाही तिच्यासाठी डॉक्टर बोलवावा लागलेला नाही. जी वासरं आजारी पडली ती निगेटिव्ह आणि जी ठणठणीत आहे ती पॉझिटिव्ह, असं कसं? तिची आईसुद्धा निगेटिव्ह आहे. मग हिला आलं कुठून? एक ओळखीचे गृहस्थ तिला घ्यायला तयार आहेत, म्हणून निर्णय लवकर घ्यायचाय. शिवाय ती एक गेली म्हणजे रोग गेला का? की सगळ्यांना लस टोचावी? ज्यांनी हे भोगलंय त्यांनी कृपया लिहा.

दावणीवाला
एवढा विचार कशाला करताय? सगळ्यांना लस टोचा आणि मोकळे व्हा. लाळ्या-खुरकुताला आपण तेच करतो ना.

पान्हा
गव्हाण, आधी एक हात जोडून विनंती: त्या गृहस्थांना आजच नाही म्हणून कळवा. पुढचं सगळं नंतर. आमच्या गोठ्यात हा रोग अशाच एका विकत घेतलेल्या देखण्या कालवडीतून आला. विकणाऱ्याला माहीत होतं की नव्हतं, मला अजून ठाऊक नाही. पण त्या वर्षी आम्ही सात वासरं गमावली. सविस्तर रात्री लिहिते, आता धारेची वेळ झाली.

सूक्ष्मदर्शी
मी पशुरोग प्रयोगशाळेत काम करते. 'आई निगेटिव्ह, मग पोरीला कुठून' हा प्रश्न आमच्याकडे नमुने घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस विचारतो. त्याचं उत्तर कळलं की हा सगळा रोग कळतो, म्हणून जरा वेळ घेऊन लिहिते.

मोठ्या गाईला बीव्हीडीची लागण झाली तर बहुतेक वेळा कळतसुद्धा नाही. एखाद-दोन दिवस कणकण, दूध थोडं कमी, बस. दोन-तीन आठवड्यांत तिचं शरीर विषाणू बाहेर काढतं आणि प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार होतात. पण तीच गाय त्या वेळी दोन ते चार महिन्यांची गाभण असेल तर विषाणू वारेतून गर्भापर्यंत पोचतो. त्या वयाच्या गर्भाची प्रतिकारशक्ती अजून आपलं कोण आणि परकं कोण हे शिकत असते. त्या शिकवणीत विषाणू हजर असतो, म्हणून तो 'आपला' ठरतो. गर्भ टिकला तर ते वासरू जन्मभर त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं बनवत नाही. नाक, तोंड, डोळे, शेण, मूत्र, दूध, सगळीकडून विषाणू बाहेर पडत राहतो. हेच पीआय, आपण मराठीत कायम वाहक म्हणू. आई कधीच बरी झालेली असते, म्हणून ती निगेटिव्ह. असे बहुतेक वाहक धडधाकट आईच्याच पोटी येतात. उलट वाहक गाय व्याली तर तिचं वासरू मात्र हमखास वाहकच निघतं.

लागण गाभणपणाच्या अगदी सुरुवातीला झाली तर गर्भ राहत नाही, गाय उलटते. चौथ्या-पाचव्या महिन्याच्या आसपास झाली तर मेंदू आणि डोळ्यांची घडण बिघडू शकते. तुमचं आंधळं, थरथरणारं वासरू त्यातलं असण्याची दाट शक्यता आहे. त्याहून उशिरा झाली तर वासरू स्वतःच प्रतिपिंडं बनवतं आणि बहुधा धडधाकट जन्मतं. म्हणजे तुमच्या गोठ्यातल्या चार वेगवेगळ्या तक्रारी खरं तर एकाच रोगाच्या आहेत, गाईचा कितवा महिना चालू होता एवढाच फरक.

आजारी वासरं निगेटिव्ह का, तेही यातच आलं. हा विषाणू काही काळ अंगातली प्रतिकारशक्ती दाबतो. त्या फटीतून न्यूमोनियाचे, हगवणीचे इतर जंतू आत शिरतात. आपण नमुना घेतो तोवर हा निघून गेलेला असतो.

तांबडफुटी
इतक्या सोप्या भाषेत पहिल्यांदाच वाचलं. गाईचा महिना आणि रोगाचं रूप यांचा मेळ लक्षात ठेवण्यासारखा. सूक्ष्मदर्शीताई, आभार.

दावणीवाला
माहिती छान आहे ताई, पण माझा मुद्दा तसाच राहतो. लस टोचली तर गाभण गाईला लागण होणार नाही, गर्भाला होणार नाही, नवा वाहक जन्मणार नाही. मग भानगडच संपली की.

सूक्ष्मदर्शी
दावणीवाला, लशीला माझा विरोध नाही. पण चांदणीला लस टोचून काहीही होणार नाही, तिचं शरीर त्या विषाणूला शत्रू मानतच नाही. ती उद्याही तेवढाच विषाणू सोडेल. आणि शंभर टक्के गर्भ वाचवणारी लस नाही. आतमध्ये वाहक ठेवून बाहेरून लस टोचणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसत बसणं.

आणखी एक. लस दिली की रक्तात आणि दुधात प्रतिपिंडं दिसू लागतात. मग ती लशीमुळे आली की रोगामुळे, हे बहुतेक लशींच्या बाबतीत सांगता येत नाही. गोठा स्वच्छ झाला का हे पाहायची सगळ्यात स्वस्त खूण आपण आपल्या हातानं पुसतो.

जुना डॉक्टर
माझी सगळी हयात जनावरांत गेली, आता निवृत्त आहे. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड या देशांनी १९९० च्या दशकात लस अजिबात न वापरता बीव्हीडीविरुद्ध मोहीम उघडली. दुधाचे नमुने तपासायचे, ज्या कळपात प्रतिपिंडं जास्त त्या कळपात शिरून वाहक शोधायचे, ते काढायचे, आणि स्वच्छ कळपात न तपासलेलं जनावर येऊ द्यायचं नाही. त्यांनी रोग जवळपास संपवून दाखवला. स्वित्झर्लंडनं २००८ मध्ये देशातली सगळी गुरंच तपासायला घेतली. जर्मनीनं २०११ पासून तपासणी सक्तीची केली, तिथे लशीलाही वाव ठेवला. आयर्लंडनं २०१३ पासून जन्मलेल्या प्रत्येक वासराच्या कानाचा तुकडा तपासणं बंधनकारक केलं. पहिल्या वर्षी तिथे ०.६६ टक्के वासरं वाहक सापडली. म्हणजे हजारात सहा-सात. एवढी थोडी जनावरं देशभरच्या गोठ्यांना वर्षानुवर्षं पिडत होती.

मार्ग वेगवेगळे, पण वाहक शोधून बाहेर काढणं हे सगळीकडे पहिलं. लस लावायची की नाही हे त्यानंतर, शेजारपाजारची गुरं किती दाट आहेत आणि येजा किती आहे ते पाहून ठरवायचं.

पान्हा
लिहिते म्हटलं होतं.

आमच्याकडे वाहक कळली तेव्हा घरात दोन तट पडले. सासरे म्हणाले, वेगळी बांधू, जीव घ्यायचा नाही. मलाही तेच वाटत होतं. मग तिला गोठ्यापासून लांब छपरात बांधली. वेगळी बादली, वेगळं दावं, तिचं शेण काढणारी मी एकटी. पहिले दोन महिने मी काटेकोर होते. मग एक दिवस पाऊस लागला, घाई होती, तिची बादली इकडे आली. एकदा नाकात बोटं घालून तिला औषध पाजलं आणि तशीच वासरांकडे गेले. ज्यांनी वेगळं ठेवायचं ठरवलंय त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की हे एका दिवसाचं काम नाही, ती जिवंत असेपर्यंत दिवसातून दोनदा करायचं काम आहे. एका माणसाच्या एका विसरण्यावर अख्खा गोठा टांगलेला असतो.

आणि तिचं पुढे काय झालं तेही सांगते. सोळा-सतरा महिन्यांची असताना एका सकाळी तोंडातून लाळ गळायला लागली. हिरड्यांवर, जिभेवर, टाळूवर चट्टे. आम्हाला वाटलं लाळ्या. मग रक्ताची हगवण लागली. डॉक्टरांनी सांगितलं, याला म्युकोसल डिसीज म्हणतात, वाहकांनाच होतो, यातून उठत नाहीत. आठव्या दिवशी गेली. त्या आठ दिवसांत तिनं जे सोसलं ते पाहून सासरे म्हणाले, मीच हिला जास्त छळलं. ते पुन्हा कधी त्या छपरात गेले नाहीत.

गव्हाण
पान्हाताई, वाचून गलबलून आलं. त्या गृहस्थांना सकाळीच नाही म्हणून कळवलं. कारणही सांगितलं. ते रागावले नाहीत, उलट म्हणाले की माझ्याही गोठ्यात तीन गाभडल्यात, मीही तपासून घेतो.

रवंथ
हा धाग्याचा पहिला फायदा. अभिनंदन गव्हाण, तुम्ही एक गोठा वाचवलात.

पान्हाताईंनी सांगितलेला म्युकोसल डिसीज का होतो ते मी वाचलं होतं. वाहकाच्या अंगातला विषाणू पेशींना न मारता राहणारा असतो. कधीतरी त्यातच बदल होऊन पेशी मारणारं रूप तयार होतं. शरीर त्यालाही आपलाच समजतं, म्हणून रोखत नाही. बरेच वाहक दोन वर्षांच्या आतच जातात ते यामुळे किंवा दुसऱ्या आजारानं. पण सगळे नाहीत. काही गाभण राहतात, वितात, दूध देतात, आणि तेच जास्त धोक्याचे.

गुराखी
आमची गुरं चरायला बाहेर जातात. चार-पाच जणांची एकाच माळावर, पाणी एकाच हौदावर. मी माझा गोठा तपासून स्वच्छ केला तरी दुसऱ्याची वाहक त्याच हौदावर तोंड लावणार. मग माझ्या तपासणीचा उपयोग काय? आणि हा विषाणू मातीत, शेणात किती दिवस राहतो? शेळ्या-मेंढ्याही बरोबर असतात.

जुना डॉक्टर
गुराखी, विषाणू बाहेर फार चिवट नाही. ऊन, वाळवण, नेहमीची जंतुनाशकं यांनी मरतो. थंड, ओल्या, सावलीच्या जागी काही दिवस टिकू शकतो. लाळ्या-खुरकुतासारखा वाऱ्यावर लांबवर जाण्याचा याचा स्वभाव नाही. नाकाला नाक लागणं हा मुख्य रस्ता. त्याखालोखाल आपण माणसं: तीच सुई दहा जनावरांना, तोच हातमोजा दहा गाईंना, नाकात घालायचा तोच चिमटा. वळू वाहक असेल तर वीर्यातूनही जातो, आणि द्रव नायट्रोजनमध्ये विषाणू मरत नाही, जपून राहतो. म्हणून रेतनाचं वीर्य तपासलेल्या वळूचंच हवं. शेळ्या-मेंढ्यांनाही याची लागण होऊ शकते, त्यामुळे दोन ते चार महिन्यांच्या गाभण गाई त्यांच्यापासून वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या.

माळ सामायिक असेल तर त्या माळावरचे पाचही गोठे मिळून एकच कळप आहे असं धरा आणि एकत्र तपासा. एकट्यानं तपासून उपयोग शून्य नाही, तुमच्या घरातला वाहक तरी जातो. पण मग त्या नाजूक दोन-अडीच महिन्यांत गाभण गाय माळावर सोडू नका. आणि लस कुठे लागते म्हणाल, तर इथे. दावणीवाल्यांचा मुद्दा तुमच्या माळावर लागू पडतो.

दावणीवाला
हे पटलं. म्हणजे आधी शोध, मग लस. मी उलट्या क्रमानं धरून बसलो होतो.

इतिहासवेडी
थोडं विषयांतर, पण लाळ्या-खुरकुताचा उल्लेख आला म्हणून राहवत नाही. गुरांचा एक विषाणूजन्य रोग माणसानं पृथ्वीवरून पूर्ण पुसून टाकलाय. बुळकांडी. देवीच्या रोगानंतर समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग. २०११ मध्ये तशी घोषणा झाली. शेवटचा रुग्ण २००१ मध्ये केनियात सापडला होता, तोही रानटी म्हशीत.

ज्यांनी बुळकांडी पाहिली नाही त्यांना तिची दहशत कळणार नाही. १८८० च्या दशकाअखेरीस ती आफ्रिकेत शिरली आणि काही वर्षांत इथिओपियापासून दक्षिण टोकापर्यंत गुरं झोपवत गेली. गुरं गेली म्हणून नांगर थांबले, माणसं उपाशी मेली. जगातली पहिली पशुवैद्यक शाळा फ्रान्समध्ये लियाँला १७६१-६२ मध्ये निघाली ती मुख्यतः हिच्याच धास्तीनं. आपल्याकडची संशोधन प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि १८९३ मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला हलवली, कारण असले जंतू हाताळायला वस्तीपासून लांबची जागा हवी होती. तीच आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था. १९२० मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली गुरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली आणि तिथे बुळकांडी फुटली. त्या धक्क्यातून १९२४ मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटना उभी राहिली. भारत २००६ मध्ये बुळकांडीमुक्त म्हणून मान्य झाला.

तांबडफुटी
आजोबा बुळकांडीचं नाव घेताना आवाज खाली आणायचे. एका आठवड्यात अकरा बैल गेले होते म्हणायचे. आमच्या पिढीला तो शब्द शिवीसारखा वाटतो, कारण रोगच पाहिला नाही. किती मोठी गोष्ट आहे ही.

नवखा पशुपालक
मग बुळकांडी जाते तर लाळ्या-खुरकूत का जात नाही? वर्षातून दोनदा लस टोचतोच की आपण.

जुना डॉक्टर
चांगला प्रश्न. बुळकांडीच्या विषाणूचा प्रतिकाराच्या दृष्टीनं एकच प्रकार होता, एक लस सगळीकडे चालली. एकदा लस टोचली की प्रतिकार वर्षानुवर्षं टिकायचा. बरं झालेलं जनावर विषाणू बाळगत नसे. लाळ्या-खुरकुताचे सात प्रकार आहेत, एकाची लस दुसऱ्याला उपयोगी नाही. लशीचा प्रतिकार काही महिनेच टिकतो, म्हणून दोनदा टोचणं. आणि बरी झालेली गाय घशात तो विषाणू कितीतरी महिने बाळगू शकते. आयबीआर हा गुरांच्या श्वसनमार्गाचा विषाणूजन्य रोग आणखी वेगळा. तो नागिणीच्या विषाणूच्या कुळातला, मज्जातंतूंच्या गाठीत दडून बसतो आणि जनावरावर ताण आला की वर येतो. तिथे अशी लस वापरतात जिच्यात विषाणूचं एक प्रथिन मुद्दाम काढून टाकलेलं असतं, म्हणजे लस टोचलेली गाय आणि लागण झालेली गाय रक्ततपासणीत वेगळी ओळखता येते. प्रत्येक विषाणू वेगळ्या जागी लपतो. तो कुठे लपलाय हे कळल्याशिवाय मोहीम आखता येत नाही.

इतिहासवेडी
डॉक्टरांच्या बोलण्याला जोड देते. बुळकांडीसुद्धा पहिल्या फटक्यात गेली नव्हती. आफ्रिकेत १९६० च्या दशकात अनेक देशांनी मिळून लसीकरणाची प्रचंड मोहीम काढली. रोग जवळजवळ दिसेनासा झाला. मग मोहीम सैल पडली, आणि कोपऱ्यात राहिलेल्या थोड्या कळपांमधून १९८० च्या दशकात रोग पुन्हा उसळला, लाखो गुरं गेली. दुसऱ्या खेपेला सरसकट टोचत सुटण्याऐवजी रोग कुठे शिल्लक आहे ते आधी शोधलं. गुरांमागे फिरणाऱ्या भटक्या पशुपालकांमधल्याच माणसांना लस टोचायला शिकवलं, कारण रोगी गुरं कुठे आहेत हे त्यांनाच ठाऊक होतं. उन्हात टिकणारी लस आली होती, त्यामुळे शीतपेटीशिवायही ती लांबच्या कळपांपर्यंत पोचली.

गुराखी
हे वाचून बरं वाटलं. शेवटी गुरांमागे फिरणारा माणूसच कामी आला.

रवंथ
धागा आफ्रिकेला चरायला गेलाय, आता हाकून परत आणूया. :) गव्हाण, चांदणीचं काय ठरलं? आणि तिची आई गोठ्यात कधी आली होती? तो दुवा अजून सुटलेला नाही.

गव्हाण
रवंथ, तुमचा प्रश्न वाचला आणि जुनी वही काढली. चांदणीची आई मी विकत आणली तेव्हा ती पाच महिन्यांची गाभण होती. म्हणजे गर्भाला लागण आधीच्या गोठ्यातच झालेली. मी एक निरोगी गाय घेतली असं समजत होतो आणि रोग तिच्या पोटात बसून आला. मग वहीत पुढे पाहिलं. चांदणी जन्मली त्यानंतर सातव्या आठवड्यात पहिली गाय उलटल्याची नोंद आहे. त्याआधीच्या दोन वर्षांत गाभडल्याची एकही नोंद नाही. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, पण मी प्रत्येक नोंद सुटी वाचत होतो.

चांदणीला परवा निरोप दिला. डॉक्टरांनीच केलं, शांतपणे. पान्हाताईंचा प्रतिसाद वाचला नसता तर मी तिला छपरात बांधली असती. घरात दोन दिवस कुणी फारसं बोललं नाही. चिरंजीवांनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली होती.

पान्हा
गव्हाण, चिरंजीवांना माझ्याकडून सांगा की त्यांनी तिला चांगलं सांभाळलं. दोन दिवस नाही, जास्त लागतील. लागू द्या.

सूक्ष्मदर्शी
वाईट वाटलं, पण निर्णय योग्य. आता खरं काम सुरू होतंय, इथेच बहुतेक जण थांबतात. चांदणी कालपर्यंत गोठ्यात होती. त्या काळात ज्या गाई दोन ते चार महिन्यांच्या गाभण होत्या, त्यांच्या पोटात आणखी वाहक असू शकतात, आणि गाईच्या रक्तावरून ते दिसत नाही. म्हणून आजपासून पुढचे नऊ-दहा महिने जन्मणारं प्रत्येक वासरू तपासायचं. मेलेलं जन्मलं तरी तपासायचं. पहिल्याच दिवशी कानाचा छोटा तुकडा घ्या, बिल्ला मारतानाच तो निघतो. लहान वासराचं रक्त घेतलं तर चिकातून आलेली प्रतिपिंडं काही महिने विषाणूला झाकून टाकू शकतात आणि वाहकही निगेटिव्ह दिसतो. कानाच्या तुकड्यात ही अडचण फार कमी येते. पहिल्यांदा पॉझिटिव्ह आलं तर वासरू वेगळं ठेवून तीन-चार आठवड्यांनी परत तपासा. तात्पुरती लागण असेल तर तोवर निघून जाते.

नवखा पशुपालक
मी दोन गाभण गाई घ्यायच्या विचारात होतो. आता भीती वाटते. त्या तपासून घेतल्या तरी पोटातलं कळणारच नाही ना?

जुना डॉक्टर
बरोबर. घ्यायच्या असतील तर गाय तपासा, आणि ती विईपर्यंत तुमच्या इतर गाभण गाईंपासून लांब बांधा. वासरू जन्मल्यावर त्याचा कान तपासा, निगेटिव्ह आला की मग दोघांना दावणीला आणा. त्यापेक्षा रिकामी तपासलेली कालवड घेऊन आपल्याकडे गाभण करणं सोपं. घाबरू नका, फक्त उलट क्रमानं करू नका.

तांबडफुटी
वाचनखूण साठवली. या धाग्याची छापील प्रत काढून दूध संकलनाच्या भिंतीवर लावायचा विचार आहे, कुणाची हरकत?

रवंथ
माझ्याकडून हरकत नाही. आफ्रिकेचं चरणंही ठेवा त्यात.

गव्हाण
मंडळी, पाच महिन्यांनी परत आलोय. बरेच जण विचारत होते म्हणून.

आत्तापर्यंत अकरा वासरं झाली. नऊ निगेटिव्ह. दोन पॉझिटिव्ह आली, चार आठवड्यांनी परत तपासली, दोन्ही वाहक. त्यातलं एक माझ्या सगळ्यात जास्त दुधाच्या गाईचं, कालवड, दिसायला अगदी आईसारखी. पहिल्या वेळी निर्णयाला तीन आठवडे लागले होते, या वेळी दुसरा अहवाल आला त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. सोपं अजिबात नव्हतं. पण दोन्ही वासरं पहिल्या दिवसापासून वेगळी होती, त्यांचा श्वास दुसऱ्या कुणाला लागलेला नाही.

गाई उलटायचं थांबलंय. पाचपैकी चार गाभण राहिल्या. वासरांचा खोकला गेला हे लिहायलाही भीती वाटते, पण गेलाय. आणि ते गृहस्थ आठवतात ना, चांदणी घ्यायला तयार असलेले? त्यांच्या गोठ्यात एक वाहक सापडला, सहा वर्षांची गाय. तिची गोठ्यातली दोन वासरंही वाहक निघाली. आता आम्ही सात गोठेवाले मिळून एकच डॉक्टर बोलावतो, एकाच दिवशी सगळ्यांचे नमुने जातात.

एक शंका उरली आहे. पुढे दरवर्षी प्रत्येकाचं रक्त काढत बसायचं का?

सूक्ष्मदर्शी
गव्हाण, वाचून फार आनंद झाला. सहा वर्षांची वाहक गाय म्हणजे धडा आहे, 'वाहक असती तर कधीच मेली असती' असं कुणी म्हटलं तर तिचं उदाहरण द्या.

नाही, दरवर्षी सगळ्यांचं रक्त नको. तुम्ही लस दिलेली नाही हे आता कामाला येतं. गोठ्यातच जन्मलेली, नऊ ते अठरा महिन्यांची आठ-दहा जनावरं निवडा आणि त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं पाहा. चिकातली आतापर्यंत संपलेली असतात, त्यामुळे जी दिसतील ती त्यांनी स्वतः बनवलेली. वाहक गोठ्यात असेल तर त्यातली बहुतेक पॉझिटिव्ह येतात, नसेल तर सगळी कोरी. गट वेगवेगळे बांधत असाल तर प्रत्येक गटातून घ्या. मात्र चांदणीच्या काळात गोठ्यात असलेली वासरं यात धरू नका, त्यांची प्रतिपिंडं जन्मभर राहतील आणि उगाच घाबरवतील. ती निघाल्यानंतर जन्मलेली नऊ महिन्यांची होईपर्यंत थांबा. तोवर कान तपासणं चालू.

गव्हाण
समजलं. वहीत तारीख घालून ठेवली, अजून चार महिने. अजून सहा गाई विणार आहेत, त्यातल्या दोन चांदणी असताना तिसऱ्या महिन्यात होत्या, म्हणून त्या दोघींना आजच वेगळ्या छपरात हलवलं. पहिली दोन-तीन दिवसांत विईल, कास उतरलीय. बिल्ला आणि नमुन्याची कुपी खिडकीत काढून ठेवलीय. निकाल आला की इथेच कळवतो.

पान्हा
कळवा. रात्रीबेरात्री व्याली तरी चालेल, आम्ही जागेच असतो.